यासीनभाईंची उजवी बाजू

यासीनभाई कोर्टावर उतरले की त्यांच्या तोंडाला उसंत म्हणून नसायची. "मी हितं हाय, तू कुठं हायस? बोल की रं. परीक्षेला बसल्यावानी मुका काय खेळतुयास?" सामना संपेपर्यंत हे असं चालायचं. प्रेक्षकांना वाटायचं, कॅप्टन भलताच उत्साही दिसतोय. मी मात्र बाकावर बर्फाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असायचो आणि भाईंना त्यांच्या उजवीकडून कुणी उत्तर देतंय का, ते ऐकत राहायचो. यासीनभाईंना उजव्या डोळ्याने दिसत नव्हतं, आणि हे साऱ्या संघात फक्त कोचना आणि मला ठाऊक होतं.

मी संघाचा फिजिओ. राहणार रावेतचा, घरातले सगळे बँकेत नाहीतर शाळेत, आणि स्वभाव पहिल्यापासून भित्रा. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा मी मनातल्या मनात खाली उतरण्याचा जिना शोधून ठेवतो. चाकणच्या एका कारखानदाराने व्यावसायिक लीगमध्ये बास्केटबॉलचा संघ उतरवला, खेळाडूंना पुनावळ्यात दोन फ्लॅट घेऊन दिले आणि सरावासाठी महाळुंग्यातलं एक रिकामं गोदाम. महाळुंगे हे यासीनभाईंचं गाव. आजूबाजूला कंपन्या नव्हत्या तेव्हापासून त्यांचं घर तिथे आहे, पण हंगामात तेही संघाबरोबर फ्लॅटवरच राहायचे. हंगामाआधी भावाच्या गॅरेजमध्ये ग्राइंडर चालवताना लोखंडाची कपची उडाली आणि डोळ्यात शिरली. वरून डोळा अगदी धड दिसायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "उरलेल्याला मार लागला, तर माझ्याकडे यायलाही तुम्हाला कुणाचा तरी हात धरावा लागेल."

बास्केटबॉल म्हणजे कोपरांचा खेळ. रिंगखाली पाच-सहा धिप्पाड माणसं एकदम उडी मारतात तेव्हा कोणाचं कोपर कुठे जाईल याचा नेम नसतो. मी त्यांना म्हणालो, निदान संरक्षक चष्मा तरी लावा. ते म्हणाले, "चष्मा लावला की लोक इच्यारत्यात. समोरच्याला कळलं तर त्यो त्याच बाजूनं यील. मालकाला कळलं तर मी घरी." मग जरा थांबून म्हणाले, "डॉक्टर, पंचवीस वर्सं खेळलो. जत्रंतल्या, कंपनीतल्या, दिसंल त्या टूर्नामेंटला गेलो. आत्ता कुठं पाठीवर नाव छापलेला शर्ट आलाय. एक सीझन खेळू द्या. मग मीच थांबतो." मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

सरावाला जाताना ते मला मोटारसायकलवर मागे बसवायचे. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगा लागलेल्या, आणि आम्ही त्यांच्या मधून निघालेलो. उजवीकडचं बघायचं काम माझं. "ट्रक आहे, भाई. मोठा आहे. जवळ आला." "किती जवळ?" "माझा गुडघा लागतोय." ते हसायचे. म्हणायचे, "तुमच्या तोंडाकडं बघूनच समद्या गावाला कळंल राव, जरा हसत चला." गोदामापाशी उतरल्यावर मी दोन्ही गुडघे जागेवर आहेत का ते चाचपायचो आणि ते शिटी वाजवत आत जायचे.

ते घाबरत नाहीत असं मला वाटायचं. पण एका सकाळी गुडघ्याला पट्टी बांधायला म्हणून मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडंच होतं. यासीनभाई चांगला डोळा घट्ट मिटून खोलीतून स्वयंपाकघरात निघाले होते. एक हात भिंतीवर. ओटा लागला, गॅसची शेगडी चाचपली, काडेपेटी शोधली, चहाचं भांडं खाली पाडलं. माझी चाहूल त्यांना लागलीच. डोळा न उघडता ते म्हणाले, "सवय करून ठेवतोय. एकदमच आंधार झाला तर घरी अम्मीला हाका मारत बसाय नको." मी पडलेलं भांडं उचललं, चहा ठेवला आणि मग पट्टी बांधली.

हंगाम चांगला चालला होता, हीच पंचाईत. संघ हरून बाहेर पडला असता तर मी देवाला पेढे ठेवले असते. पण आम्ही जिंकत गेलो आणि यासीनभाई प्रत्येक सामन्यात त्या रिंगखालच्या गर्दीत शिरत राहिले. संघातल्या सगळ्यांत लहान खेळाडूला, ओंकारला, त्यांनी हाताशी धरलं होतं. बीडकडचा, उंच, लाजाळू पोरगा. प्रश्न विचारला तरी आधी जमिनीकडे बघणार. यासीनभाई त्याच्यावर ओरडायचे, "पळतोस हरणावानी, पर तोंड उघड की भावा. तू हायस ते मला कसं कळायचं?" ओंकारला वाटायचं, भाई आपल्याला धीट करतायत.

उपांत्य सामन्यात हॉल भरलेला होता. ढोल-ताशे आत आणायला परवानगी दिली होती कुणीतरी. शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू रिंगवरून उडाला, यासीनभाईंनी उंच उडी मारून तो धरला. समोरून एक दांडगा गडी त्यांच्या अंगावर आला. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, खरंच मिटले. उघडले तर कोर्टावर कुणीतरी पडलेलं होतं आणि मी पिशवी घेऊन पळालो.

यासीनभाई उभे होते. चेंडू छातीशी, कोपरं बाहेर काढलेली, जसं शिकवतात तसं. खाली ओंकार पडला होता. तो त्यांच्याकडून चेंडू घ्यायला उजवीकडून आला होता. त्याने हाकही मारली होती म्हणे, पण ताशांच्या आवाजात ती कुणाला ऐकू आली नाही. भाई गर्रकन वळले आणि त्यांचं कोपर त्याच्या डोळ्यात बसलं.

डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. हॉस्पिटलमध्ये पट्टी बांधली आणि रक्त खाली बसावं म्हणून पोराला उशांना टेकवून बसवलं. नजर राहील का, हे डॉक्टर सांगेनात, थांबा म्हणायचे. उपांत्य सामना आम्ही जिंकला. अंतिम सामन्याला यासीनभाई गेले नाहीत. त्याआधी मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून आले आणि हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिले. मी चहा नेला तर घेतला नाही. म्हणाले, "माझा एक डोळा जपत बसलो, डॉक्टर. दुसऱ्यास्नीबी डोळं असत्यात, हे ध्येनातच आलं न्हाई." माझ्याही आलं नव्हतं. सगळा हंगाम मी भीत होतो, पण फक्त त्यांच्यासाठी. त्या बाकड्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीच्या माणसाकडे बघत होतो.

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी ओंकारचा चांगला डोळा हाताने झाकला आणि विचारलं, काय दिसतंय. त्याने समोर बघत डोळा बारीक केला. यासीनभाईंनी दाराची चौकट धरली होती. मग ओंकार म्हणाला, "खिडकी दिसायलीय. धुरकट हाय, पण दिसायलीय."

डॉक्टर गेल्यावर यासीनभाई आत आले आणि खाटेजवळ उभे राहिले. "तू आलास त्या बाजूचा डोळा मला न्हाई," ते म्हणाले. "सीझनच्या आधीच गेला. तुला सांगितलं न्हाई. पोरांतल्या कुणालाच न्हाई."

ओंकारने सवयीप्रमाणे खाली बघितलं. तो चिडेल, रडेल, काहीतरी बोलेल म्हणून मी जवळ सरकलो. पण तो रागावलेला नव्हता. त्याला ते नुसतं समजत नव्हतं.

"सांगायचं ना मग, भाई," तो म्हणाला. "मी वळसा घालून आलो असतो की."