कंट्रोलरसाहेबांची नेत्रतपासणी

"पोट्टीले शायेतल्या फयावरचं दिसत नाही अन् तुमी तिले गाजरं चारून राह्यले!"

"गाजर नाही तं काय चष्मा चारू? सात वर्साची पोरगी! लोक म्हनतीन, पुंजाजीच्या घरी नातीच्या जागी आजीच जन्मली."

"फया लोकाइले वाचाचा नाही, मामाजी. संजूले वाचाचा हाये."

"आपल्या खानदानात कोनालेच चष्मा नाही, निशिगंधा. एकालेई नाही!"

पुंजाजींनी सुनेला सुनावलेलं हे मात्र शंभर टक्के खरं होतं. पुंजाजींचे थोरले बंधू महादेवराव भलत्याच मांडवात शिरून, पोटभर जेवून, आहेर करून परत आले होते, तेही बिनचष्म्याचेच. बहीण मनकर्णाबाईंनी अख्खी दुपार अंगणातल्या सिमेंटच्या पोत्याला बकरी समजून हाकललं होतं. खानदानात चष्मा नव्हता. नजर होती, असं कुणी म्हटलेलं नाही.

पुंजाजी म्हणजे मोताळ्याच्या स्टँडचे जुने कंट्रोलर. तीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण माईक तोंडातून निघाला नाही. "आंघोळीले जानाऱ्यांनी लक्ष द्यावे, पानी तापून तयार हाये," असं घरी रोज सकाळी होतं. त्यांचा एक नियम होता: आपण पुकारलं ते चुकत नाही. पुकारल्यावर दुसरीच गाडी आली, तर चूक गाडीची.

सहा महिन्यांपूर्वी नात संजीवनी पहिल्यांदा म्हणाली, "आबा, फयावरले अक्षरं पान्यात पडल्यावानी दिसतात."

"शायेत न जाचा बहाना," आबांनी पुकारलं.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आबांनी टाळूवर तेल थापलं. मग ती म्हणाली, "उजवा डोया झाकला की समदा धूर दिसते." आबांनी गाजरं आणली आणि पहाटेच्या दवात अनवाणी चालण्याचा उपाय काढला. भर मे महिन्यात गवत कुठलं? तहसीलसमोर हिरवळीचा एक चतकोर तुकडा आहे. दोघं त्यावर गोल गोल फिरले. तिसऱ्या दिवशी चौकीदारानं हाकललं.

मुलीचा बाप गोपाल. त्याला विचारलं तर म्हणायचा, "बाबाचंई बराबर हाये, तुहंई बराबर हाये." एवढा निकाल दिला की पुन्हा मोबाईलमध्ये.

शाळेत आरोग्य तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी चिठ्ठी दिली: डाव्या डोळ्याची नजर कमी, नेत्रतज्ज्ञाला लवकर दाखवा. वर तोंडी बजावलं, असा डोळा आळशी होतो, आणि वय वाढलं की मग उपचारालाही दाद देत नाही. संजीवनीनं ती चिठ्ठी आणून नेमकी आबांच्या हातात दिली.

"डॉक्टर करते काय?" आबा म्हणाले. "पाट्याच तं वाचाले लावते! पाट्या आपल्या स्टँडवर का कमी हायेत?"

रोज पाचला दोघं स्टँडवर जातच. त्या दिवशी आबांनी तिला बाकावर बसवलं.

"कोनती गाडी?"

"मलकापूर!"

"शाबास. आता हे?"

"बुलढाना!"

पाचपैकी पाच. चहावाल्या दीपकनं टाळ्या वाजवल्या. आबांनी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं, 'समक्ष तपासणी केली. नजर उत्तम.' खाली सही, तारीख आणि वेळ, १७.४०. चिठ्ठी शाळेत परत गेली.

पुढे दोन महिने संजीवनी बाकावरच्या शेजारणीच्या वहीतून फळा उतरवत राहिली. शेजारणीच्या चुकाही तिनं इमानानं उतरवल्या. शेवटी वर्गशिक्षिका सुवर्णा मॅडमनी निशिगंधाला बोलावून दोन्ही वह्या पुढ्यात ठेवल्या, आणि वर ती चिठ्ठी. तिथून निशिगंधा तणतणत घरी आली, तेव्हाचं हे भांडण.

"दोन महिने, मामाजी! त्या बाईनं लवकर म्हनलं होतं. पोरीचा डोया गेला तं त्याच्यावर तुमी सही कराल काय?"

"माह्या समोर पाचपैकी पाच वाचले तिनं!"

"मंग आता माह्या समोर वाचू द्या. चला!"

चौकडीचा फ्रॉक घातलेली संजीवनी मध्ये, आई एका बाजूला, आजोबा दुसऱ्या. वरात स्टँडवर पोचली. दीपकनं न विचारताच तीन चहा ओतले.

पाच दहा. कोपऱ्यावर भोंगा वाजला, पोंऽ पोंऽ पोंऽ.

"मलकापूर!" संजीवनी ओरडली.

"मलकापूर!" आबा तिच्यापेक्षा मोठ्यानं. "पाह्यलं निशिगंधा? अजून गाडी नीट वयलीई नाही तं वाचली पोरीनं!"

गाडी येऊन समोर उभी राहिली. निशिगंधानं पाटी वाचली. मग आबांकडे पाहिलं. मग पुन्हा पाटी वाचली.

"मामाजी, हे नांदुरा हाये."

"साहेब, एक तारखेपासून टाइमटेबल बदललं ना," दीपक म्हणाला. "हा ड्रायव्हर आता नांदुऱ्याले जाते."

निशिगंधा लेकीसमोर उकिडवी बसली. "संजू, पाटी पाह्यली होती तू?"

"नाही." पोरीला त्यात काही गैर वाटलं नाही. "तीनदा भोंगा वाजवनारा काका मलकापूरचा राह्यते."

"अन् बुलढान्याची कशी वयखते?"

"त्या गाडीचा कंडक्टर दार दोनदा आपटते. अन् ज्या गाडीतून लेकरं रडत उतरतात ना, ते बुलढान्याचा घाट उतरून आलेली राह्यते. घाट लागते त्याइले."

दीपकला हसू आवरेना. चहा सांडला.

"हे कोनं शिकोलं तुले?"

"आबानं! आबा म्हनते, पाट्या तं कोनीई वाचते. खरा कंट्रोलर गाडी कानानं वयखते."

रोज संध्याकाळी आबांनी स्वतःच हा धडा दिला होता. त्यावरच परीक्षा घेतली होती, आणि आपल्याच शिकवणीला पैकीच्या पैकी गुण देऊन खाली सही ठोकली होती. आबांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"टाइमटेबल बदललं तं पुकाराले पायजे होतं," ते म्हणाले. "आमच्या टायमाले..."

"आबा," संजीवनीनं त्यांचा सदरा ओढला. "तुमीई मलकापूरच म्हनले ना? तुमाले दिसली काय पाटी?"

समोर पाटी होती. पंधरा पावलांवर, पांढऱ्यावर काळी, हातभर अक्षरांची. आबांनी डोळे बारीक केले. मान पुढे काढली. मग टोपी काढून झटकली, जशी काही धूळ टोपीवरच होती.

आता निशिगंधाचा आवाज खाली आला. त्यामुळे तो जास्तच लागला.

"मामाजी, उद्या सकायी नवाच्या गाडीनं संजूले डोयाच्या डॉक्टरकडे बुलढान्याले घेऊन जाऊन राह्यली मी. तुमी चिठ्ठी लिहा का नका लिहू. फक्त एवढं सांगा, डॉक्टरकडे नंबर एक लावू का दोन?"

नांदुऱ्याच्या गाडीनं तीनदा भोंगा वाजवला.

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि ते वळून स्टँडच्या फाटकातून बाहेर निघून गेले.