गळतीच्या रकान्यातली मुलगी

सांगलीच्या त्या बैठकीला जायचं मी टाळणार होते. मूल्यांकन समिती येण्याआधीची ती रंगीत तालीम होती. प्रत्येक कॉलेजनं आपले आकडे मांडायचे होते. मंजूर जागांवर प्रवेश किती झाले, पहिल्या वर्षाला आलेल्यांतले तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती. जत तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आणि ज्या कॉलेजात बैठक होती, तिथं हेच काम माझी मैत्रीण बघत होती.

आम्ही दोघींनी कोल्हापूरला एम.ए. केलं, विषय भूगोल. दोन वर्षं एका खोलीत राहिलो. मी मेढ्याच्या वरच्या अंगाची, डोंगरातली. ती कृष्णाकाठची, घरचा ऊस, वडील सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. खोलीत गॅस तिचा होता, आरसाही तिचा. परीक्षेत मात्र गुण माझे जास्त पडले. ते तिच्या लक्षातही नसतील. माझ्या आहेत. पुढं तिला सांगलीत जागा मिळाली, मला जतकडे. तेव्हापासून तिचा फोन आला की मी आधी एक श्वास घेते आणि मग उचलते.

बैठकीत तिनं पडद्यावर टिकून राहणाऱ्यांच्या आलेखाचे खांब दाखवले. तिच्या कॉलेजचा खांब असा उंच, की शेजारच्या आमच्या कॉलेजचा खुंटासारखा दिसला. "आमच्याकडे मोजक्या मुलांमागे एक पालक शिक्षक आहे," ती सांगत होती. "मूल आठवडाभर दिसलं नाही, तर घरी फोन जातो." सगळे माना डोलवत होते. माझ्या विभागात पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत मी एकटीच. तासिका तत्त्वावर येणारे एक सर होते, ते मध्येच सोडून गेले. फोन करायचा म्हटला तर कुणी करायचा?

अध्यक्षांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे एवढी गळती का?"

मी सांगितलं की दिवाळीनंतर आमच्याकडची बरीच घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. काही मुलींची लग्नं होतात, काही मुलं कारखान्यात लागतात. ते म्हणाले, "ते झालं. उपाययोजना काय?"

मी उत्तर जुळवत होते तोवर ती उठली. "सर, मी जाऊन येते त्यांच्याकडे. आम्ही दोघी मिळून बघतो."

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. मी हसले. दात इतके आवळले होते, की घरी पोचेपर्यंत जबडा दुखत होता.

आषाढात ती आली, स्वतः गाडी चालवत. माझे तक्ते तिनं बारकाईनं पाहिले. तासिका तत्त्वावरचे शिक्षक एका तक्त्यात धरायचे आणि दुसऱ्यात नाही, हे मला समजायला महिने लागले होते. तिनं ते बरोबर असल्याचं सांगितलं आणि पाठीवर थाप मारली, लहान मुलाला मारतात तशी. मग म्हणाली, "आकडे नीट आहेत गं. पण यातलं गळलेलं एक तरी मूल मला दाखव."

दाखवायला माझ्याकडे एकच मुलगी होती, कारण तीच रोज डोक्यात असायची.

पहिल्या वर्षाला मी तिला शिकवलं होतं. मेंढपाळाच्या घरची. समोच्च रेषांचा नकाशा इतर मुलं पाठ करायची, ही त्यावर बोट ठेवून सांगायची, "मॅडम, हितनं चढ लय अंगावर येतोय." दिवाळीनंतर आईबाप मेंढरं घेऊन गेले, तेव्हा हिला चुलत्याकडे ठेवून घ्या म्हणून मीच त्या घरी जाऊन बसले होते. परीक्षेच्या दिवसांत माझ्या घरी जेवायला असायची. आणि एवढं करूनही दुसऱ्या वर्षाचा प्रवेश सुरू झाला, तेव्हा ती आली नव्हती; चुलता पुन्हा ठेवून घ्यायला तयार नव्हता.

वस्तीवर गेलो तेव्हा तिची आई दारात होती. मला ओळखून म्हणाली, "या बाई, या. ही कोन?"

"माझी मैत्रीण. सांगलीला शिकवते."

मुलगी आतून आली. मला बघून खाली बघायला लागली. मैत्रिणीनं मात्र तिला शेजारी बसवून घेतलं आणि गप्पा सुरू केल्या. घरी कोण कोण, मेंढरं किती लांब नेता, भाऊ काय करतो.

"भाऊ कुपवाडला हाय," मुलगी म्हणाली. "वर्कशॉपात. खोली घेतलीया. वैनी बी हाय."

"मग झालं की!" माझी मैत्रीण म्हणाली. "कुपवाडातून आमचं कॉलेज जवळ. भावाकडे राहा आणि आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला ये."

आईनंही मान हलवली. एका वाक्यात काम झालं. वर्षभर मी त्या दाराशी खेटे घातले होते. भाऊ कुपवाडला आहे हे मलाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात हे आलंच नाही, कारण तिला शिकवायचं ते आमच्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात, एवढंच मी धरून बसले होते. मुलीचा चेहरा उजळला. तो मी पाहिला, आणि पिशवी उचलून निघायची घाई केली.

परतताना गाडीत ती म्हणाली, "चांगली आहे गं पोरगी. वाया गेली असती."

"वाया कशी गेली असती?" मी म्हणाले. "मी होते ना."

"तू तर आहेसच," ती म्हणाली आणि समोर आडव्या आलेल्या म्हशीसाठी हॉर्न वाजवला.

आठवड्यानं मुलगी दाखला मागायला आली. प्राचार्यांनी मला आत बोलावलं. "मॅडम, आपल्याकडे आधीच प्रवेश कमी. त्यात हुशार मुलगी जाणार, म्हणजे गळती आपल्या नावावर आणि मुलगी त्यांच्या. जरा समजवा तिला. राहील."

मला तेच हवं होतं. मी तिला व्हरांड्यात घेऊन बसले. समजावणार होते. आधी फक्त एवढंच विचारलं, "तुला खरंच जायचंय?"

"व्हय मॅडम."

"का गं? मी कमी पडले का?"

ती घाबरली. "न्हाई, न्हाई. तसं न्हाई मॅडम." मग म्हणाली, "तिथं तीन मॅडम हायत म्हनं भूगोलाला. तुमी एकट्याच. मागच्या साली प्रॅक्टिकलला तुमचा आवाज बसला हुता. तरी तुमी शिकवत हुता. मला लय वाईट वाटायचं विचारायला, म्हनून मी शंका विचारायचीच न्हाई."

एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, हा भागाकार मी कितीदा केला होता. त्याची दुसरी बाजू कुणी मला अशी सांगितली नव्हती. रडू आलं, पण खरं सांगायचं तर ते तिच्यासाठी नव्हतं. त्या तीन मॅडमपैकी एक माझी मैत्रीण होती. मला न विचारलेल्या शंका ही पोर तिला विचारणार होती.

मी प्राचार्यांकडे परत गेले आणि म्हणाले, "सर, दाखला देऊन टाका."

"समजावलं नाही का?"

"तिनंच मला समजावलं."

त्यांनी नाराजीनं सही केली. दाखला घेऊन मुलगी माझ्या पाया पडली आणि एसटी पकडायला धावत गेली.

त्यानंतरची दोन वर्षं मला बरी गेली नाहीत. मैत्रीण अधूनमधून त्या मुलीचे फोटो पाठवायची. सहलीतला, चर्चासत्रातला, एकदा आपल्या घरी हळदीकुंकवाला बोलावलं होतं तेव्हाचा. प्रत्येक फोटोखाली 'आपली कन्या'. त्या 'आपली'चा मला राग यायचा. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चिन्ह पाठवून फोन उलटा ठेवायचे. पण त्याच रागात मी काही उद्योगही केले. संस्थेच्या कचेरीत अर्ज देऊन, पुन्हा पुन्हा जाऊन, भूगोलाला तासिका तत्त्वावर एक मॅडम मिळवल्या. मेंढरांमागे जाणाऱ्या घरांची मुलं पावसाळ्यात परत आली, की त्यांची बुडालेली प्रॅक्टिकल्स पुन्हा घ्यायची असं ठरवून घेतलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, एवढी जिद्द कुठून आली?" मी म्हणाले, "मूल्यांकन आहे ना सर." कारण ते नव्हतं. मला मैत्रिणीच्या खांबाच्या शेजारी आमचा खांब तेवढाच उंच बघायचा होता.

मुलगी बी.ए. झाली, विभागात पहिली आली. सांगलीतल्या सत्काराचं आमंत्रण मैत्रिणीनं स्वतः फोन करून दिलं. मी गेले. मुलीनं स्टेजवरून त्या कॉलेजचे आणि तिथल्या मॅडमचे आभार मानले. माझं नाव आलं, पण शेवटी आणि घाईत. खाली आल्यावर तिची आई गर्दीतून माझ्यापर्यंत आली, हात धरला आणि म्हणाली, "बाई, पोरगी म्होरं बी शिकनार म्हनतीया. शिकू दे का?"

"शिकू द्या," मी म्हणाले. आमच्यापासून दोन हातांवर मैत्रीण उभी होती. तिला त्या बाईनं विचारलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि ते लपवायचीही मला गरज वाटली नाही.

या वर्षी प्रवेश सुरू असताना मैत्रिणीचा फोन आला. एक श्वास घेऊन मी उचलला.

"तुझ्याकडे अजून अशी कुणी आहे का गं? दुसऱ्या वर्षाला आमच्या दोन जागा रिकाम्या आहेत."

समोरच्या बाकावर एक मुलगी प्रवेशाचे कागद घेऊन बसली होती, तिच्या शेजारी नव्या मॅडम तिला विषय समजावून सांगत होत्या.

"आहे," मी म्हणाले. "पण ही मी तुला देणार नाही."

ती खळखळून हसली. तिला ती थट्टा वाटली.