खालच्या मजल्याचं अर्थिंग

सांगलीत आम्ही वेगळे झालो तेव्हा गॅस वर गेला. घर सासऱ्यांनी बांधलेलं. वरचा मजला थोरल्या दिरांना, खालचा आम्हाला. गॅसचं कनेक्शन सासऱ्यांच्या नावावर होतं, ते भाऊजींनी न विचारता उचलून नेलं. माझे मालक फौजेत, घरी नसायचे. मी कॉइलची विजेची शेगडी आणली आणि तिच्यावर माझं आणि मुलींचं रांधू लागले.

ती शेगडी झटके द्यायची. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एकदा आमटी ढवळताना हातातला डाव उडाला आणि कोपरापर्यंत हात बधिर झाला. घरातलं वायरिंग भाऊजींनी स्वतः केलेलं, म्हणून त्यांना सांगितलं. ते जिन्यावरूनच म्हणाले, "वल्ल्या हातानं काम करतीस, दुसरं काय! पायात चप्पल घालत जा."

चप्पल घालून स्वयंपाक केला. पण धाकटीनं पातेल्याला हात लावला आणि किंचाळून मागे पडली, तेव्हा ती शेगडी मी अंगणात भिरकावली आणि नवी इंडक्शन घेऊन आले. वायरिंग तपासल्याशिवाय जोडायची नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं वायरमन पाठवला.

त्यानं बल्बची एक वायर प्लगच्या फेजमध्ये घातली, दुसरी अर्थिंगच्या भोकात. बल्ब लागलाच नाही.

"वहिनी, इथं अर्थिंगच नाही. तिसरं भोक नुसतं दिसायला आहे. आणि वायरही बारीक. नवी शेगडी लावली तर जळेल."

जिन्याखालचं मेन बंद करून त्यानं ओट्यावरचा बोर्ड उघडला. अख्ख्या घराची वीज गेली, तसे भाऊजी खाली आले.

"कुणाला इचारून लाईट घालवली?"

"वायरिंग तपासतोय," मी म्हटलं.

"माझं वायरिंग? आन तू तपासणार? माणदेशातनं आलेल्यांना अर्थिंग कवापास्नं कळाय लागलं गं?"

मी म्हसवडची, दुष्काळी माणदेशातली. हा टोमणा लग्नापासून ऐकत होते. म्हटलं, "झटका बसला की कुठलंही माणूस ओरडतं, भाऊजी. त्याला सांगलीचं असावं लागत नाही."

ते ताडताड जिन्याखाली गेले आणि त्यांनी मेन चालू केलं.

वायरमनचा हात बोर्डात होता. तो मोठ्यानं ओरडला आणि मागच्या मांडणीवर फेकला गेला. डबे, ताटं सगळी त्याच्या अंगावर आली. मी धावत जाऊन मेन पाडलं, पांढरा फ्यूज उपसून मुठीत धरला. परत आले तर तो भिंतीला टेकून थरथरत होता. त्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती.

"फ्यूज दे हिकडं," भाऊजी म्हणाले.

"घेऊन बघा. गल्ली गोळा करीन. पोलिसात जाईन."

"मला काय ठावं त्याचा हात आत हाय?"

"समोर उभे होता तुम्ही!"

त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला, आपल्या बाजूनं सगळं सांगितलं आणि माझ्या कानाशी धरला. मालक म्हणाले, "दादा मोठा आहे, मिटवून टाक."

"माणूस मेला असता!" म्हणून मी फोन बंद केला.

तेवढ्यात जाऊबाई खाली आल्या. वेगळं झाल्यापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. आताही माझ्याकडे पाहिलं नाही. वायरमनला साखरपाणी दिलं आणि म्हणाल्या, "वरच्या गिझरचा नळ बी झटका देतोय. ह्यांना सांगून दमले. तेवढं बघशील का?"

"तू वर हो!" भाऊजी ओरडले.

"न्हाई जात."

वायरमन मात्र उठेना. हे गृहस्थ फाटकाबाहेर गेले तरच कामाला हात लावतो, म्हणाला. भाऊजींना मोटारसायकल घेऊन बाहेर जावं लागलं. ते ती जिथं उभी करायचे त्याच जागी मग वायरमननं अर्थिंगसाठी खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घातला. दोन्ही मजल्यांच्या वायरी बदलल्या. पुन्हा बल्ब लावून पाहिला, तर लख्ख पेटला.

भाऊजींनी त्या माणसाची माफी मागितली नाही. उलट पाहुण्यांना खड्डा दाखवून सांगतात, "म्याच करून घेतलं." मी तिथं असले तर तोंडावर सांगते, खोटं बोलताय. जाऊबाई तेव्हा आत निघून जातात.

पुढच्या रजेत मालक आले आणि थोरल्या भावाच्या पाया पडायला वर गेले. मला हाक मारली. मी गेले नाही.