न आलेल्यांची नोंद

मेश्रामताई खुर्चीवर बसलेल्या मला आठवतच नाहीत. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. वय पन्नाशीकडे झुकलेले, पण पायाला भिंगरी. रोगी आला की आधी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायच्या. "पे पयले. मंग सांग काय दुखते ते." तो संपवेपर्यंत पुढ्यातून हलायच्या नाहीत. मला त्यांचा धाक होता आणि थोडा रागही यायचा, कारण त्या आसपास असल्या की निवांत चहा पिणेही जमत नसे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका डॉक्टरसाहेबांनी आमच्याकडे सिकलसेलचा अभ्यास सुरू केला होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि हाडे अशी ठणकतात की माणूस लोळतो. कोणत्या उपचाराने हा त्रास कमी होतो, ते साहेबांना बघायचे होते. यादीतले रोगी दर महिन्याला गोळ्या न्यायला येत. महिनाभरात किती दुखले ते विचारून वहीत उतरवणे हे माझे काम. जो आला नाही त्याच्या नावापुढे मी "त्रास नाही" लिहीत असे. मला तसे कोणी सांगितले नव्हते. दुखले असते तर दवाखान्यात आला नसता का, असा माझा शहाणपणा.

हिवाळ्यात वही फारच छान दिसू लागली. साहेब खूश. ताईंना मात्र चैन पडेना.

"कापूस येचाचे दिस, वरून थंडी, अन् सारेच बरे कसे झाले गा?"

"औषध लागू पडून राहिलं असन, ताई."

"मोहगावची सुमन दोन खेपा आली नाई. तुले काईच वाटत नाई?"

मला काहीच वाटत नव्हते, हेच खरे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जवळजवळ ओढतच मोहगावला नेले. बस जरा रेंगाळली की ड्रायव्हरवर ओरडत, "चाल ना बाप्पा, वरातीले निंगालो काय आपण!"

सुमन विशीतली, शेतमजुरी करणारी. ती खाटेवर पडली होती, धाप लागली होती. आई तापवलेल्या विटेने तिची कंबर शेकत होती. "चार दिस झाले वो बाई," ती ताईंना म्हणाली. "उभंच राहता येत नाई तिले. फाट्यावरच्या बशीपर्यंत नेऊ कशी?"

ताईंनी संत्र्याचा ट्रक अडवला, पेट्या सरकवून गोधड्या अंथरल्या. पांढुर्ण्याहून आम्ही तिला आगगाडीने नागपूरला घेऊन निघालो. डब्यात तिने मला विचारले, "भाऊ, माह्या गोळ्या ठेवल्या ना?" मी हो म्हटले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परत आल्यावर मी ब्लेड घेतले आणि वहीतली सुमनच्या नावापुढची "त्रास नाही" ही ओळ खरवडायला बसलो. ताईंनी मनगट धरले.

"खोडू नोको. दिसू दे लोकाईले."

"माही नोकरी जाईन, ताई."

"पोरगी गेली ना रे!"

मग त्यांनीच त्या ओळीशेजारी लिहिले, "त्रास होता. आम्ही विचारले नाही." खाली सही स्वतःची केली. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

साहेब आले, ती ओळ वाचली आणि वर्षाची मेहनत पाण्यात गेली म्हणून ताईंनाच खूप बोलले. ताईंनी ऐकून घेतले. "साहेब, ज्याले चालता येते त्याचाच अभ्यास तुमी करून राहिले. ज्याले लय दुखते तो तं घरी पडून हाय." साहेब बराच वेळ वही चाळत राहिले. पुढच्या महिन्यापासून न आलेल्याच्या घरी जायचा नियम झाला. त्याच हिवाळ्यात लोधीखेड्याचे दोघे आम्हाला वेळेवर सापडले, आणि ते वाचले.

निवृत्तीनंतर ताई नागपूरला भावाकडे राहायला गेल्या. नव्या वर्षाला त्यांचे पोस्टकार्ड यायचे, तिरप्या घाईच्या अक्षरात. एका वर्षी आले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या भाच्याचे पत्र आले. ताई गेल्या होत्या. अर्धांगाने उजवा हात लुळा पडला होता, आठ महिने अंथरुणावर होत्या. नागपूरची गाडी दोन तासांची. त्या मजेत असतील असे मी धरून बसलो होतो, आणि याची लाज मला अजून झोपू देत नाही.