रशीदभाईंचा तिसरा रविवार

माणसं रोज एका जागी बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. टाकीच्या तळाला गाळ साठतो तसे. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण एक दिवस हात घातला की कोपरापर्यंत लागतो.

आमची जागा म्हणजे धारूरच्या स्टँडसमोर, रशीदभाईंच्या फळांच्या गाड्यामागचा कट्टा. तिथे आम्ही तिघं म्हातारे मोबाईलवर लढाई खेळतो. हसू नका! मी गवंडी, चौथी शिकलेला. बनसोडे गुरुजी रिटायर मास्तर. आणि रशीदभाई, ज्यांनी आम्हा दोघांना ह्या नादाला लावलं. आपला किल्ला बांधायचा, दुसऱ्याचा पाडायचा, असा तो गेम. टीममध्ये तीस जण. बाकीचे कुठले कुठले, तोंडं पाहिलेली नाहीत.

दोन महिन्यांपूर्वी रशीदभाईंना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने पहिलं काय मागितलं असेल, तर फोन! दर रविवारी चार ते सहा लढाई असते. सलग तीन रविवार ज्याचा भोपळा, त्याचं नाव गेमच टीममधून काढून टाकतो. तिथे कोणाची ओळख चालत नाही. आजारपणाची सुट्टी महिनाभराची, ती संपली. नंतरचे दोन रविवार भोपळ्यात गेले.

तिसरा रविवार परवाच झाला. त्याआधीचा सगळा आठवडा मला चैन नव्हतं. बसल्या बसल्या जुनंच आठवत राहायचं.

*

गेममध्ये चार टोळ्या. नावं इंग्रजीत, म्हणून आम्ही आमची ठेवली. रशीदभाई आगस्वारांचे. त्यांचे घोडे पेटलेले असतात आणि जिथून जातात तिथली वाट जाळतात. त्यांना पाठवायला दोन्ही हात लागतात. एका बोटाने घोडा धरायचा, दुसऱ्या हाताने वाट ओढायची. रशीदभाई हे असं करायचे, जसं एका हाताने तराजू धरून दुसऱ्याने डाळिंब निवडावं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "नाना, कोन्ती टोळी घेतो?"

मी अर्धा तास बघत बसलो आणि वारूळवाले घेतले. बुटकी बुटकी माणसं, डोक्यावर चिखलाचा गोळा. ती कोणावर चढाई करत नाहीत. बोट टेकवलं की तिथे गोळा लावतात. आपल्या तटाला लावला तर दोन गुण, टीममधल्या दुसऱ्याच्या तटाला लावला तर एक.

रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, जिंदगीभर भिंतीच बांधल्या ना बे? आता इथं पन भिंतीच? घोडा घे, घोडा!"

मी म्हणालो, "घोड्याला लागलं तर?"

गुरुजी हसता हसता खोकायला लागले. पण मला खरंच तशी काळजी वाटते. लढाई आली की माझे तळहात भिजतात. वारूळवाल्यांचं तसं नाही. भिंत पडली की ते पळत नाहीत. भगदाडाकडे जरा वेळ बघतात आणि माती उचलायला वाकतात. ते वाकणं मला लई आवडतं.

*

माझा पहिला मोठा तट उभा राहिला. वर बुरूज चढवायचा होता, सामान तयार होतं. मी सात दिवस हात लावला नाही. रविवारी शत्रू आला, सरळ आत!

रशीदभाई तापले. "सामान व्हतं ना? मग बुरूज कावून न्हाई चढवला?"

मी म्हणालो, "भिंत ओली होती."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाना, ह्या भिंतीला पानी मारावं लागत न्हाई."

पटलं मला. तरी आजही मी दोन दिवस थांबतोच. उगीच रिस्क कशाला?

*

एकदा मे महिन्यात लढाई ऐन रंगात आली आणि गल्लीत टँकर आला. तिघंही फोन तसेच टाकून घागरी घ्यायला पळालो. पाईप धरला होता, पण माझं चित्त तटावर. म्हटलं, गेलं सगळं.

वीस मिनिटांनी येऊन बघतो तर तिन्ही किल्ले जागेवर! जाताना गुरुजींनी घाईघाईत सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेवलं होतं, "पाणी आले आहे." त्याखाली समोरच्या टीममधल्या आष्टीच्या कोणीतरी लिहिलेलं, "आमच्याकडं काल आल्तं. भरून घ्या निवांत, आमी थांबतो."

रशीदभाईंचे डोळे भरून आले. "इतकी चांगली मानसं हायेत. आता ह्यांना जाळायचं कसं?"

दोन मिनिटं त्यांनी विचार केला. मग जाळलं!

*

आमच्या टीमचा कॅप्टन बीडचा. नाव माहीत नाही, नुसताच कॅप्टन. लिहायचा तो इंग्रजीत, दोन दोन शब्द. रशीदभाई वर्षभर त्याला लिहीत होते, "काय बे कॅप्टन, झोपला का?" कधी कधी ह्याहून वाईट.

एक दिवस आवाजातला मेसेज आला. "रशीदचाचा, मी मुलगी आहे. बीडला क्लासला असते. आणि झोपले नव्हते, पेपर होता."

रशीदभाई तीन दिवस कट्ट्यावर फोन घेऊन आलेच नाहीत. चौथ्या दिवशी घाबरत घाबरत लिहिलं, "बेटा, पेपर कसा गेला?"

तेव्हापासून तिचा आवाज आला, "चाचा, डावीकडून!" की हे भर बाजारात गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून म्हणायचे, "जी बेटा!"

*

मयतीचा किस्सा तर सांगायलाच हवा. समोरच्या टीममधल्या एकाने लिहिलं, आई गेली. आम्ही तिघांनी ठरवलं, दुखवटा असेपर्यंत त्याच्यावर जायचं नाही. पण किती दिवस? रशीदभाई म्हणाले तीन. मी म्हणालो तेरा. गुरुजी म्हणाले सात. बरीच हुज्जत झाली आणि सातावर मिटलं.

तो माणूस दुसऱ्याच दिवशी आला आणि त्याने आमचे तिन्ही किल्ले पाडले!

कॅप्टन ओरडली, "तुम्ही अडवत का नाही?"

गुरुजी म्हणाले, "पाडू द्या. मन रमवतंय बिचारं."

*

आता तो रविवार.

पावणेचारला आम्ही रशीदभाईंच्या घरी गेलो. भाभींनी त्यांना लोडाला टेकवून बसवलं होतं. फोन मांडीवर.

गुरुजी हळूच म्हणाले, "रशीदभाई, तुमच्या फोनवर मी खेळतो ना. कोनाला कळतंय?"

रशीदभाईंनी डाव्या हाताने फोन छातीशी ओढला. गुरुजींनी परत विषय काढला नाही.

चार वाजले. रशीदभाईंनी डाव्या अंगठ्याने घोडा धरला. वाट ओढायला दुसरा हात नव्हता. घोडा जागच्या जागी टापा आपटत राहिला. त्यांनी तो सोडला, परत धरला. परत सोडला. साडेचार झाले. पाच झाले.

माझ्या किल्ल्यावर मार चालला होता. उत्तरेची भिंत कधी पडली ते मी पाहिलंच नाही. माझी नजर त्यांच्या अंगठ्यावर. फोनमधून कॅप्टन सांगत होती, "चाचा, फक्त एक गुण. काहीही करा, एकच गुण लागतो." भाभी त्यांच्या कपाळाचा घाम पुसायला गेल्या तर त्यांनी तो हातही बाजूला केला.

साडेपाच झाले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, गेम आहे, नुसता गेम आहे. पण ज्या माणसाला आता बोलता येत नाही, त्याला आवाज देणारी एवढीच तर जागा उरली होती.

सहाला दहा कमी असताना रशीदभाईंनी फोन मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मला तिथून उठून जावंसं वाटलं. भाभी भिंतीकडे बघत होत्या.

मग त्यांनी डोळे उघडले, फोन उचलला आणि कुठेतरी अंगठा दाबला. थांबले. परत दाबला. थांबले. परत दाबला.

गुरुजी वाकून बघत होते, ते ताडकन उभे राहिले. "नाना! टोळी बदलली ह्यांनी!"

टोळी बदलायची असेल तर गेम तीनदा विचारतो, कारण नुसता किल्ला उरतो, बाकीचं सगळं जातं. रशीदभाईंचे सहा वर्षांचे घोडे होते. एकेक नाव ठेवलेला. स्क्रीनवरची आग विझली आणि तिथे एक बुटका उभा राहिला, डोक्यावर चिखलाचा गोळा घेऊन.

"लावा, रशीदभाई, लावा!" गुरुजी ओरडले. "तुमच्या तटाला लावा, दोन गुन भेटतेत!"

चार मिनिटं राहिली होती. रशीदभाईंचा अंगठा स्क्रीनवर फिरला. स्वतःच्या तटापाशी आला. तिथून पुढे सरकला. मग टेकला.

माझा फोन वाजला. उत्तरेच्या भगदाडापाशी एक बुटका वाकला होता. तो माझा नव्हता.