व्हर्नाचा बिनझिपेचा झगा

व्हर्नाने हार्डवेअरच्या दुकानातून वायरी आवळून बांधायच्या प्लास्टिकच्या शंभर पट्ट्या नेल्या आणि तिचा नवरा एल्वुड तीन दिवस कुणाला दिसला नाही. तिने त्याला बांधून ठेवलाय, असं आमच्या गल्लीने ठरवलं. ठरवणाऱ्यांत मीही होतेच.

भोपळ्याचा केक द्यायच्या निमित्ताने डोकावले, तेव्हा खरं कळलं. हॅलोविनच्या पार्टीतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी ती अडीचशे वर्षांपूर्वीच्या धर्तीचा झगा शिवत होती आणि पट्ट्या होत्या कंबर ताठ ठेवायला. गेल्या वर्षी तसल्याच झग्यात परीक्षकांना तिच्या पाठीवर झिप दिसली, जी त्या काळी नव्हतीच, आणि बक्षीस हुकलं. म्हणून यंदा सगळी हातशिलाई, मागे दोरी. दोघांची उंची सारखी, तेव्हा मापाला एल्वुडच स्टुलावर उभा होता. अंगात रेशमी झगा, डोक्यावर बेसबॉलची टोपी.

"एल्वुड, कंबर काय दिसतेय तुझी!" मी म्हणाले.

"हसवू नकोस बाई, टाचण्या टोचतात."

त्याच संध्याकाळी पार्टी. व्हर्नाने झगा स्वतः चढवला, तर खांदे ओघळले आणि छातीमुळे तो मागे मिटेना.

"अगं, हा तर त्यालाच बसतो! आता काय करशील?"

"तोच जाईल. बक्षीस झग्याला असतं, आतल्या माणसाला नाही."