केशरबाईंची हिरवी ओळ

केशरबाईंचा देवावर विश्वास होता, देवळातल्या पुजाऱ्यावर नव्हता. दूधवाल्याचं दूध त्या बोट बुडवून पाहायच्या. शेणखताची ट्रॉली आली की मूठभर उचलून नाकाशी न्यायच्या. त्यामुळे अंजनगाव सुर्जीजवळच्या त्यांच्या गावात पाच सेंद्रिय शेतकऱ्यांचा गट झाला, तेव्हा तपासणीसाठी त्यांच्याइतकं लायक माणूस दुसरं नव्हतं. गटाची रीतच तशी होती. प्रत्येकानं शेजाऱ्याचं शेत तपासायचं आणि फॉर्मवर सही करायची. कुणी रासायनिक खत वापरून लपवलं, तर पाचही जणांचं सर्टिफिकेट जाणार. आपण होऊन सांगितलं, तर फक्त त्याचं, तेही एका वर्षापुरतं.

मे महिन्यातल्या वादळानं सगळ्यांच्याच पॉलीहाऊसचं प्लास्टिक फाडून नेलं. पाईप वाकले, काकडीचे वेल भुईवर आले. बांधापलीकडच्या बद्रुद्दीनचं नुकसान तर सगळ्यात जास्त. तरी तीन आठवड्यांत त्याचे वेल पुन्हा सुतळीवर चढले, आणि केशरबाईंचे पिवळे ते पिवळेच. एवढ्या लवकर वेल सावरतात कसे? युरिया, दुसरं काय! बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यांचीही कडेची एक ओळ हिरवीगार झाली होती म्हणा, पण तो त्यांच्या हाताचा गुण.

हरवलेली बकरी शोधायच्या निमित्तानं त्या दोनदा पलीकडे जाऊन आल्या. बकरी घरीच बांधलेली होती. बद्रुद्दीनच्या बायकोनं, आयशाबीनं, दोन्ही वेळा चहा दिला. बाईंनी तो प्यायलाही, पण नजर कोपऱ्यातल्या झाकण लावलेल्या निळ्या ड्रमवर.

तपासणीच्या दिवशी त्या तडक ड्रमकडेच गेल्या. झाकण काढलं, तळापर्यंत काठी घातली, वास घेतला. गूळ, ताक आणि बकरीच्या लेंड्या. मग माती उकरली, तर गांडुळं.

"आता काय राह्यलं, वैनी? गादीखाली पाह्यता काय?" बद्रुद्दीन म्हणाला.

बाईंनी सही केली, पण मनातून काही गेलं नाही.

मग बाईंचं शेत तपासायची पाळी बद्रुद्दीनची. पिवळे वेल ओलांडून तो सरळ त्या हिरव्या ओळीपाशी थांबला आणि त्यानं वर पाहिलं. तिथं फाटलेल्या प्लास्टिकच्या जागी बाईंच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, बाजारातून आणलेली रिकामी पोती उलटी करून शिवली होती. "पेंडीचे हायेत," असं तो म्हणाला होता. घरचंच माणूस, त्याच्या पोत्याचा कोण वास घेतो? बद्रुद्दीननं एक कोपरा उलगडून दाखवला. आतल्या बाजूला युरियाची अक्षरं आणि शिवणीत अडकलेले पांढरे दाणे. वळवाच्या सरींनी बाकीचे केव्हाच खाली मातीत उतरवले होते.

केशरबाईंनी एक दाणा नखानं टोकरून काढला.

"तुमाले कधी दिसलं हे?"

"शिवले त्याच दिवशी. मोतीरामभाऊ घाईघाईनं उलटे करून राहिले होते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, मीच येऊन टाकून गेलो."

बाई अगदी हेच म्हणाल्या असत्या. आजवर त्यांनी साऱ्या गावाचं खत हुंगलं होतं, फक्त आपल्या घरचं सोडून. स्वतःची एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

बद्रुद्दीन फॉर्म हातात धरून उभा होता. तो काही लिहीत नव्हता. शेवटी बाईंनीच फॉर्म ओढून घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'युरियाची पोती. माझ्याच घरची.' त्यांचं वर्ष गेलं, बाकी चौघांचं सर्टिफिकेट राहिलं.

"वाचून पाहा," त्या म्हणाल्या, "बराबर लिवलं का नाही."

"तुमी लिवलं नं," असं म्हणून बद्रुद्दीननं न वाचताच खाली सही केली. वर्ष गेल्याचं रडू बाईंनी आवरून धरलं होतं, ते त्या सहीनं फुटलं.